ओढलेली गाडी घ्यायची तर आधी कागद, मग यार्ड, मग बोली

‘ओढलेली गाडी लाभत नाही’ असं आमच्या सांगली भागात सर्रास म्हणतात. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी उचलून नेलेल्या गाडीला कुणाचा तरी तळतळाट लागलेला असतो, असा समज. माझं गॅरेज सांगली-मिरज रस्त्यावर आहे. अशा गाड्या मी उघडून बघतो, दुरुस्त करून देतो, आणि ओळखीपाळखीचे लोक लिलावाआधी मला यार्डात बरोबर घेऊन जातात. माझा अनुभव असा की, या गाड्या घेऊन ज्यांच्यावर पस्तावायची पाळी आली, त्यांतल्या बहुतेकांच्या इंजिनाला काही झालेलं नव्हतं. गाडी ठणठणीत होती, पण नावावर होत नव्हती. कुणाची आरसी सापडत नव्हती, कुणाचा बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरत नव्हता, कुणाच्या गाडीवर मूळ मालकाने तक्रार ठोकलेली होती. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मी मोडू देत नाही: आधी कागद, मग गाडी, शेवटी पैसे. लोक नेमकं उलटं करतात. फोटो बघतात, किंमत बघतात, बोली लावतात, आणि कागदांचं नंतर बघू म्हणतात.

विकणारा कोण आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं

सगळ्या लिलावांना लोक ‘बँकेचा लिलाव’ म्हणतात, पण त्यात तीन-चार वेगवेगळे प्रकार आहेत.

सगळ्यात जास्त गाड्या येतात त्या खाजगी बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या. कर्जाच्या करारातच गाडी ताब्यात घ्यायचं कलम असतं, त्याआधारे गाडी उचलतात, भाड्याच्या यार्डात लावतात आणि श्रीराम ऑटोमॉलसारख्या लिलाव कंपन्यांमार्फत ऑनलाइन किंवा यार्डात समोरासमोर विकतात. राष्ट्रीयीकृत बँका बऱ्याचदा २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जाचं तारण कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकायच्या कायद्याखाली, जप्ती करून विकतात. त्यांच्या लिलावांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये बँकनेट नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर घरं, गाळे, जमिनी जास्त, पण वाहनांचाही वेगळा विभाग आहे.

तिसरा प्रकार आपल्या भागातला, आणि माझ्या मते सर्वसामान्य माणसाला सगळ्यात सोयीचा: सहकारी बँका आणि पतसंस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो, कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी जप्ती करून लिलाव करतो. स्थानिक पेपरात ‘जाहीर लिलाव नोटीस’ येते, लिलाव बहुतेकदा शाखेच्या दारातच होतो. गाड्या थोड्या असतात, पण अधिकारी समोर बसलेला असतो, फाइल त्याच्या टेबलावर असते, आणि ती गाडी कुणाची, काय झालं हे गावातल्या चार लोकांना विचारून कळतं. मोठ्या शहरातल्या यार्डात शेकडो गाड्यांच्या रांगेत ही सोय नाही.

सरकारी खात्यांच्या, पोलिसांच्या आणि आरटीओने कर थकला म्हणून अडकवलेल्या गाड्यांचे लिलाव वेगळे. त्यांची नावावर करायची रीत वेगळी, फॉर्मही वेगळा, ३२ नंबरचा. सरकारी गाडी १५ वर्षांवरची असेल तर एप्रिल २०२३ पासून तिची नोंदणी पुढे चालू राहत नाही, ती भंगारातच जाते. स्वस्त बोलेरो दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, नोटिशीत ‘भंगार’ शब्द आहे का ते आधी वाचा. आणि विमा कंपन्यांच्या टोटल लॉस झालेल्या, म्हणजे दुरुस्तीला न परवडणाऱ्या, गाड्या लिलावाच्या याच साइटवर, याच फोटोंसारख्या फोटोंत दिसतात. त्या बँकेने ओढलेल्या नसतात, अपघातात किंवा पुरात गेलेल्या असतात. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

इथेच एक सावधगिरीची गोष्ट. व्हॉट्सॲपवर ‘बँकेने ओढलेल्या गाड्या निम्म्या किमतीत, बुकिंगला फक्त पाच हजार’ असे मेसेज फिरतात. बँक कधीही कुणा एजंटाच्या फोन नंबरवर पैसे मागत नाही. अनामत असो की पूर्ण रक्कम, ती बँकेच्या किंवा लिलाव कंपनीच्या नावच्या खात्यातच जाते आणि तिची पावती येते. खात्री करायची तर मेसेजमधल्या नंबरवर फोन करू नका. त्या बँकेच्या जवळच्या शाखेत जाऊन नोटीस दाखवा.

कागद: बोलीआधी काय विचारायचं

गाडीचा नंबर मिळाला की पहिलं काम परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर तो टाकणं. बोजा कुणाच्या नावचा आहे, विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी, फिटनेस, कर कधीपर्यंत भरलाय, गाडी ब्लॅकलिस्ट आहे का, हे सगळं तिथे दिसतं. बोजा एका बँकेचा आणि विकणारी दुसरीच संस्था, असं आढळलं तर तिथेच थांबा आणि लेखी खुलासा मागा. कर्ज एकीकडून दुसरीकडे विकलेलं असू शकतं, पण मग त्याचे कागद हवेत. ई-चलानाच्या साइटवर दंड बघा. हायवेवर वेगाचे दंड साचत जातात, आणि ते बहुतेक वेळा घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतात. चोरीची नोंद आहे का ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर बघता येतं. हे सगळं घरबसल्या होतं आणि त्यासाठी कुणा एजंटाची गरज नाही.

दुसरं काम बँकेला प्रश्न विचारणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या करारात ताबा घेण्याआधीची नोटीस, विक्रीआधी कर्जदाराला पैसे भरायची शेवटची संधी आणि लिलावाची पद्धत हे लिहिलेलं असावं लागतं. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने गुंडांकरवी गाड्या ओढण्यावर बँकांना खडसावलं होतं. हे सगळं घेणाऱ्याला कशाला, असं वाटेल. पण कर्जदाराला नोटीस नीट गेली नसेल तर तो ग्राहक आयोगात किंवा कोर्टात जातो, स्थगिती आणतो, आणि तोवर तुम्ही पैसे भरून बसलेले असता. म्हणून मी चार गोष्टी विचारायला लावतो: विक्रीपूर्व नोटीस गेली का, गाडी उचलण्याआधी आणि नंतर पोलीस ठाण्याला दिलेली पत्रं आहेत का, कर्जदाराने कुठे दावा किंवा तक्रार केली आहे का, आणि मूळ आरसी बँकेकडे आहे का.

पोलिसांची पत्रं हा विषय लोकांना किरकोळ वाटतो. तो तसा नाही. रात्रीतून दारातली गाडी गेली म्हणून मालक सकाळी चोरीची तक्रार देतो. ठाण्यात बँकेचं पत्र आधीच असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. नसेल तर तुमच्या नव्या गाडीचा नंबर चोरीच्या यादीत असतो, आणि एखाद्या नाकाबंदीत तुम्हाला दोन तास उभं राहून उत्तरं द्यावी लागतात.

आता आरसी. ज्याची गाडी ओढून नेली तो माणूस खुशीने आरसी काढून देईल आणि गाडी नावावर करून द्यायच्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करेल, ही अपेक्षाच चूक आहे. अशा वेळी कायद्यात वाट आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१(५) खाली बँक ३६ नंबरचा फॉर्म भरून आरटीओकडे स्वतःच्या नावची नवी आरसी मागते. आरटीओ मूळ मालकाला पोचदेय रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवतो, त्याचं म्हणणं मांडायची संधी देतो, मग जुनी आरसी रद्द करून बँकेच्या नावावर काढतो. त्यानंतर बँक तुम्हाला विकते. यात वेळ जातो. नोटीस परत आली, पत्ता बदललेला निघाला, मालकाने हरकत घेतली, तर आणखी जातो. त्यामुळे ‘आरसी नंतर मिळेल’ हे तोंडी उत्तर घेऊ नका. आरसी बँकेच्या नावावर झाली आहे, अर्ज टाकला आहे, की अजून काहीच नाही, यांतलं नेमकं काय ते ईमेलवर मागा. काहीच झालं नसेल तर मी ती गाडी सोडून द्यायला सांगतो, कितीही चांगली असली तरी.

विक्रीनंतर हातात काय यायला हवं तेही आधीच सांगून ठेवा: बँकेचं विक्रीपत्र, जीएसटीचं बिल, बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म दोन प्रतींत आणि सोबत बँकेचं ना-हरकत पत्र, नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे सही-शिक्क्याचे फॉर्म, आरसी, असेल तो विमा, किल्ल्या, आणि यार्डासाठी गाडी सोडण्याचं पत्र. ३५ नंबरच्या फॉर्मवरची सही आणि शिक्का आरटीओत ऑनलाइन नोंदीशी जुळला नाही तर फाइल परत येते, आणि सही करणारे साहेब तोवर बदली होऊन गेलेले असतात. फॉर्म हातात पडल्यावर जागेवरच वाचा. चेसिस नंबरचा प्रत्येक आकडा जुळवा.

पासिंग दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर फारशी अडचण नाही. दुसऱ्या राज्यातलं असेल तर २८ नंबरच्या फॉर्मवर तिकडची ना-हरकत, इकडे पुन्हा नोंदणी, आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने. आपल्याकडे खाजगी पेट्रोल गाडीचा एकरकमी कर दहा लाखांच्या आतल्या किमतीला ११ टक्के आहे, डिझेलला १३. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण शून्य होत नाही. कर्नाटक पासिंगची गाडी चाळीस हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि करातच तेवढे गेले, असं सीमाभागात नेहमी होतं. आणि गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर तिला नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का बघा. ती नसेल तर आरटीओत नावावर करायचं काम पुढे सरकत नाही.

यार्डात

लिलावाआधी गाडी बघायचे दिवस ठरलेले असतात. ते नोटिशीत लिहिलेले असतात. गाडी चालवून बघू देत नाहीत. फार तर सुरू करू देतात, तेही बॅटरी असली तर. नोटिशीत ‘जसे आहे, जेथे आहे’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ, एकदा बोली लागली की टायरचं, बॅटरीचं, गेलेल्या स्टेपनीचं कुठलंही रडगाणं चालणार नाही. म्हणून स्वतःची तयारी करून जा: जंपर केबल आणि एक चार्ज केलेली बॅटरी, चांगला टॉर्च, छोटं चुंबक, स्कॅनर असलेला मिस्त्री, आणि हात पुसायला फडकं. बोनेटखाली वर्षभराची धूळ असते.

यार्डाच्या वॉचमनशी आधी बोला. ‘मामा, ही चालत आली का टोचनवर?’ एवढा एक प्रश्न पुष्कळ सांगून जातो. गाडी उचलली तेव्हा ती चालत आली असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स तेव्हा तरी चालू होते. ताबा घेताना एक यादी केलेली असते, तीत किलोमीटर, टायर, बॅटरी, टेप, स्टेपनी, जॅक लिहिलेलं असतं. ती यादी मागा आणि गाडीशी ताडून बघा. यादीत बॅटरी आहे आणि गाडीत नाही, तर आणखी काय काय गेलं असेल ते शोधायला लागा.

चेसिस नंबरवर टॉर्च मारा, आरसीवरच्या नंबराशी सगळे १७ आकडे-अक्षरं जुळवा. आकड्यांच्या आसपास घासल्याच्या खुणा, वेगळा रंग किंवा वेल्डिंग दिसलं तर बोनेट खाली टाकून निघायचं.

मग पत्रा. रंगाची चमक बघू नका, बोल्ट बघा. मडगार्ड, बोनेटचं बिजागर, दरवाजे ज्यावर बसतात ते बोल्ट कंपनीत रंगाबरोबरच रंगवलेले असतात. पान्याने एकदा खोलले की कोपऱ्याचा रंग उडतो. एक मडगार्ड खोललेलं असेल तर किरकोळ ठोकर समजा. पुढचा एप्रन (बोनेटखालचा बाजूचा पत्रा), पिलर (छत पेलणारे खांब) आणि डिकीखालचा तळ वाकवून सरळ केलेला दिसला तर मोठा अपघात. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात उत्पादनाचं वर्ष खुणेने कोरलेलं असतं. एकच काच नव्या सालची असेल तर का, ते शोधा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ३५२१ म्हणजे २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर. मीटरवर बावीस हजार किलोमीटर आहेत आणि चारही टायर बदललेले आहेत, तर मीटर खोटं बोलतंय. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कव्हर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड हे तिन्ही एकत्र बघितलं की मीटरची गरज फारशी राहत नाही.

पुराची खूण शोधायला मी खास वेळ देतो. सांगलीकरांना ते सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, आणि त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे कुठे कुठे गेल्या. पुण्याच्या बाजूच्या एका यार्डात एका गिऱ्हाइकाबरोबर एर्टिगा बघत होतो. आत नवीन सीट कव्हर, चकाचक मॅट, सुगंधी डबी. मी मागच्या सीटचा पट्टा धरून शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ, आणि आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा मातकट, त्यावर सरळ रेघ. पट्टा कुणी पूर्ण बाहेर काढून धूत नाही. मग सीटखालच्या रुळाचे स्क्रू बघितले, गंजलेले. डॅशबोर्डखाली एक कनेक्टर उघडला, पितळी पिना हिरव्या पडलेल्या. ‘मिस्त्री, बाकी गाडी तर चांगलीय की,’ गिऱ्हाईक म्हणालं. अशी गाडी आज चांगलीच असते. पावसाळ्यात एकेक सेन्सर जायला लागतो, एअरबॅगचा दिवा लागतो, नि वर्षभर वायरमनकडे खेपा चालू होतात. त्याने ती सोडली.

बऱ्याच दिवस उभ्या गाड्यांचा स्वतंत्र त्रास असतो. उंदीर वायरिंग कुरतडतात. एअर फिल्टरचं झाकण उघडा, आत चिंध्या, बियांची टरफलं दिसली तर वायरिंगचा सगळा गठ्ठा, म्हणजे हार्नेस, पूर्ण तपासावा लागेल. टायर एका जागी बसून चपटे होतात. ब्रेक डिस्कवर गंज चढतो, तो थोडा चालेल, पण हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असेल तर मागची चाकं जाम झालेली असतात. डिझेल गाडी असेल तर इंजेक्टर आणि टर्बोकडे जास्त लक्ष द्या. सुरू करता आली तर ऑइलचं झाकण काढून त्यावर हात धरा. झाकणातून फुसफुस करत जोराचा वारा येत असेल, निळसर धूर असेल, तर हाफ इंजिनचं, म्हणजे पिस्टन-रिंगांचं, तरी काम आहे. झाकणाच्या आत पिवळट लोण्यासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय का ते बघा. स्कॅनर लावून आत साठलेले बिघाडाचे कोड बघा, आणि जमलं तर गाडीतल्या दोन-तीन मॉड्यूलमधलं (छोट्या कंप्युटरमधलं) किलोमीटर मीटरशी ताडा.

ओढलेल्या गाड्यांत टॅक्सी नंबरच्या, सीएनजीवाल्या गाड्या पुष्कळ असतात: डिझायर, वॅगनआर, एर्टिगा. त्या दोन लाख किलोमीटर सहज चाललेल्या असतात. पिवळ्या प्लेटची गाडी खाजगी करायची तर परमिट जमा करायला लागतं, थकलेला कर भरावा लागतो, खाजगी गाडीच्या कराचा फरक भरावा लागतो. सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, तीन वर्षांनी लागते; टाकीवरच्या प्लेटवर तारीख असते, ती बघा.

किल्ली एकच असेल तर दुसरीचा खर्च धरा. किल्लीच नसेल तर इमोबिलायझरवाल्या गाडीत (जी ओळखीच्या चिपच्या किल्लीशिवाय सुरू होत नाही) हा खर्च चांगला मोठा होतो.

बोली: किंमत उलटी मोजायची

लिलावातल्या राखीव किमतीकडे, म्हणजे बोली जिथून सुरू होते त्या किमान किमतीकडे, बघून ‘स्वस्त आहे’ म्हणणं ही चूक. तीच गाडी, तेच साल, तेवढेच किलोमीटर, आपल्या गावात सरळ मालकाकडून किती रुपयांना मिळते, तिथून सुरुवात करा आणि उलटं वजा करत या.

एका वॅगनआरचा हिशोब सांगतो. गावात तशी गाडी ४ लाख ७० हजारांना मिळत होती. चार टायर १६,०००, बॅटरी ४,५००, क्लच ९,०००, ऑइल-फिल्टर-कूलंट-ब्रेकचं काम ६,०००, दोन पॅनेलचा रंग ८,०००, विमा ११,०००, दुसरी किल्ली ५,५००, यार्डातून आणायचं भाडं ६,०००, आरटीओचं काम ८,०००, लिलाव कंपनीची फी ६,०००. हे झाले ८०,०००. न दिसलेल्या कामांसाठी २५,००० मी कायम बाजूला काढतो. आणि मग जीएसटी.

जीएसटीचा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रीवर नोंदणीकृत विक्रेत्याला नफ्याच्या फरकावर १८ टक्के लागतो. ओढलेल्या गाडीत तो फरक मोजायची खास रीत आहे: मूळ मालक जीएसटी नोंदणीवाला नसेल तर त्याने गाडी ज्या किमतीला घेतली त्यातून दर तिमाहीला, अर्धवट तिमाही पूर्ण धरून, ५ टक्के वजा करायचे, आणि उरलेली रक्कम ही बँकेची खरेदी किंमत समजायची. आमची वॅगनआर सहा लाखांची, तीन वर्षं आणि वर एक महिना झालेला, म्हणजे १३ तिमाही, ६५ टक्के वजा, उरले २ लाख १० हजार. बोली तीन लाखांची धरली तर फरक ९०,००० आणि कर १६,२००. गाडी पाच वर्षांची झाली की वीस तिमाही भरतात, खरेदी किंमत शून्य होते आणि पूर्ण बोलीवर १८ टक्के बसतात. तीन लाखांवर ५४ हजार! काही ठिकाणी कर बोलीत धरलेला असतो, काही ठिकाणी वर, काही संस्था कर्जदाराच्या वतीने विकतात आणि कर लावत नाहीत. अटींच्या कागदात हे शोधा, सापडलं नाही तर विचारा. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएसही (विक्रेत्याने वसूल करायचा आयकर) घेतात.

तर ८०,००० अधिक १६,२०० अधिक २५,०००, एकूण १,२१,२००. ४ लाख ७० हजारांतून वजा केले की ३,४८,८०० उरले. एवढ्याला घेतली तर ती गावातल्या गाडीइतकीच पडली, त्रास मात्र फुकट घेतला. या त्रासाचे पन्नासेक हजार तरी वाचायला हवेत, म्हणून शेवटची बोली तीन लाख. हा आकडा कागदावर लिहून घेऊन बसायचं. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटात बोली आली की वेळ वाढतो, समोरचा दोन-दोन हजारांनी चढत जातो आणि माणसाला ईर्षा चढते. समोरचा बहुतेकदा धंदेवाईक डीलर असतो, त्याचं गॅरेज आणि आरटीओचा माणूस स्वतःचा असतो, त्याचा खर्च तुमच्या निम्मा. त्याच्याशी चढाओढ करून तुम्हाला काही मिळणार नाही.

सगळ्यात मोठी बोली तुमची म्हणजे गाडी तुमची, असंही नाही. बहुतेक ठिकाणी ती बँकेच्या मंजुरीवर अवलंबून असते. मंजुरी आली की ठरलेल्या मुदतीत पूर्ण पैसे भरावे लागतात, नाहीतर अनामत जप्त. म्हणून पैसे तयार ठेवूनच बोली लावा. जुन्या ओढलेल्या गाडीवर कर्ज ऐनवेळी होईल या भरवशावर राहू नका. अनामत परत कधी मिळते, गाडी उचलायची मुदत किती, त्यानंतर यार्डाचं भाडं रोजचं किती, आणि आधीचं साठलेलं भाडं कुणाचं, हेही त्याच अटींत असतं.

गाडी दारात आल्यावर

यार्डातून गाडी रस्त्यावर आणण्याआधी विमा उतरवा. शक्यतो क्रेनवरच आणा. जुना विमा चालू असेल तरी १४ दिवसांत तो आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या नुकसानीचा दावा नाव वेगळं असल्यावर अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो दाखवून स्वस्त विमा देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

नावावर करायचा अर्ज ३० दिवसांत टाका. जुना फास्टॅग काढून फेका आणि नवीन घ्या. जुना आधीच्या मालकाच्या खात्याला जोडलेला असतो. टाकीतलं जुनं पेट्रोल-डिझेल काढा, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल बदलून घ्या, मगच गाडी लांब न्या. टायमिंग बेल्टवाली गाडी असेल तर बेल्ट बदला, तो कधी बदलला हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

गाडीत मागच्या मालकाच्या वस्तू निघतात. डॅशबोर्डच्या कप्प्यात मुलांच्या शाळेची फीची पावती, दवाखान्याचे रिपोर्ट, कधी देवाचा फोटो. हप्ते थकले म्हणजे त्या घरात काहीतरी झालेलं असतं: नोकरी गेली, द्राक्षाला गारपीट लागली, कुणी आजारी पडलं. त्या वस्तू पिशवीत घालून बँकेच्या शाखेत द्या आणि पोच घ्या. त्या माणसाला परस्पर फोन करू नका, आणि गावात ‘अमक्याची गाडी स्वस्तात पाडली’ असं सांगत फिरू नका.

काही लोकांनी या वाटेला मुळात जाऊच नये. महिन्याभरात लग्नासाठी किंवा कामाला गाडी लागणार असेल, तर सरळ मालकाकडून घ्या; आरसीला दोन-तीन महिने सहज लागू शकतात आणि तोवर नव्या नावाने फारसं काही करता येत नाही. ज्याच्याकडे गाडीच्या किमतीएवढेच पैसे आहेत, वर दमडी नाही, त्यानेही थांबावं. आणि ज्याला ओळखीचा मिस्त्री यार्डात न्यायला वेळ नाही, त्याने फोटोवरून बोली लावू नये. मी स्वतः फोटोवरून कुणालाही ‘घ्या’ म्हणून सांगत नाही, फोनवर कितीही गळ घातली तरी.